तुमचं घर किती फुटाला?

मोठ्या शहरात जीव घुसमटत असेल तर सांगली-मिरजेसारख्या नदीकाठच्या मध्यम आकाराच्या गावांकडे एकदा बघा, असं मी मागच्या अंकात सहज लिहून गेले. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. मी भूगोलाची शिक्षिका, आता निवृत्त. 1981 साली गिरगावातून लग्न होऊन सांगलीच्या गावभागात आले, त्याला चार दशकं होऊन गेली. पहिल्या पावसाळ्यात सासूबाईंनी घाटावर नेऊन कृष्णामाईची ओटी भरायला लावली होती. तेव्हापासून या नदीशी माझं नातं आहे, आणि उत्तरं त्या नात्यातूनच आली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघंही आयटीत, वाकडला राहतो. ऑफिसला आता महिन्यातून दोनदाच जावं लागतं. मुलगी सात वर्षांची आहे. सासूबाई मिरजेच्या, त्यांना परत जायची ओढ आहे. मला मात्र भीती वाटते, की सहा महिन्यांत कंटाळा येईल. तिथे असं आहे तरी काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : माझी सकाळ सांगते, त्यावरून अंदाज बांधा.

सहाला घरातून निघते. चालत सात मिनिटांत सरकारी घाट. पोहणारी मंडळी माझ्याआधी पाण्यात उतरलेली असतात. त्यात पंच्याहत्तरीचे एक आजोबा आहेत आणि पाठीला डबा बांधून हातपाय मारणारी शाळकरी पोरंही. पलीकडे सांगलवाडी धुक्यातून हळूहळू दिसायला लागते. आयर्विन पुलावरून दुधाच्या किटल्या घेऊन माणसं गावात येत असतात. हा पूल 1929 साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झाला, म्हणून त्याचं हे नाव. दगडी कमानींचा आहे, आणि सांगलीकरांचा त्याच्यावर घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा विश्वास आहे. परतताना गणपतीचं दर्शन, कोपऱ्यावरून भाजी. थंडीत कृष्णाकाठची वांगी मिळाली तर त्या दिवशी भरीत ठरलेलं. साडेसातला मी घरी चहा पीत असते. तुम्ही मला विचारलंत ‘तिथे काय आहे’, तर पहिलं हे, की दिवस माझ्या हातात असतो.

दुसरं माणसांचं. इथे भाजीवाली, दवाखान्यातली नर्स, मुलीचे सर आणि तुमचा वकील ही माणसं तुम्हाला वर्षभर पुन्हा पुन्हा भेटत राहतात. घाटावर, लग्नात, नाटकाच्या मध्यंतरात. कोणी आजारी पडलं तर गल्लीला कळतं. पुण्यातून आलेल्यांना सुरुवातीला हे जड जातं, कारण त्यात चौकशाही येतात. ‘काय ताई, पोरगी एकटीच सायकलवर निघालीय व्हय?’ असं दुकानदार विचारेल. वर्षभरानं तोच दुकानदार तिला भर पावसात थांबवून घेईल आणि तुम्हाला फोन करील.

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून 1998 साली एक महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिघांची मिळून वस्ती पाच लाखांच्या जराशी वर होती. पण कागदावर एक झाली तरी सांगली आणि मिरज यांचे स्वभाव वेगळे आहेत, आणि तुमच्या मुलीला दोन्ही मिळतील यातच मजा आहे. सांगली पटवर्धनांची राजधानी. हळदीची पेठ, नाटकाचं गाव. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथेच पहिला मराठी नाट्यप्रयोग केला. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो तो त्याचीच आठवण म्हणून, आणि त्या दिवशी भावे नाट्यमंदिरात रंगकर्मींना त्यांच्या नावाचं गौरवपदक देतात. मिरज त्याहून जुनं. रेल्वेचं जंक्शन, दवाखान्यांचं गाव. वॉन्लेस डॉक्टरांनी 1894 मध्ये तिथे रुग्णालय काढलं, आणि आजही कर्नाटकातून माणसं उपचाराला मिरजेत उतरतात. तुमच्या सासूबाईंच्या वयाला ही फार मोठी सोय आहे.

आणि मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तिच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझा जीव तिथे गुंतलेला आहे. पूर्वी हत्यारं घडवणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब शिकलगारांपासून ही परंपरा धरतात. 1994 साली मी मुलीसाठी तानपुरा घ्यायला गेले. मला वाटलं, दुकानात जाऊ, पैसे देऊ, घेऊन येऊ. कारागिरानं आधी मुलीला समोर बसवलं. ‘गा काहीतरी.’ ती लाजली, मग सा लावला. त्यानं पट्टी कोणती ते पाहिलं आणि म्हणाला, ‘बायकांच्या आवाजाचा तानपुरा वेगळा असतो. महिन्यानं या.’ महिन्यानं गेलो तेव्हा तो घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढत होता. बारीक कानशीनं घासायचं, तार छेडायची, डोळे मिटून ऐकायचं, पुन्हा घासायचं. दीड तास आम्ही नुसत्या बसून होतो. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणाचं, आणि तो घुमणारा नाद त्या माणसाच्या कानातला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरचं कोणी परीक्षेत पहिलं आल्यासारखं वाटलं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. 1937 साली ते गेले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दरवर्षी उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं होतं. तिकीट नसतं. सतरंजीवर बसायचं.

आता जे नाही ते. तुमच्यासारख्यांची नोकरी सुटली तर दुसरी इथे लगेच मिळणार नाही. माझ्या वर्गातल्या हुशार मुली बहुतेक पुण्यात किंवा परदेशात आहेत, आणि त्याचं मला दुःख आहे. विमान पकडायचं तर कोल्हापूर गाठावं लागतं. शेरीनाल्याचं सांडपाणी नदीत मिसळतं, हा प्रश्न मी आले तेव्हापासून ऐकते आहे. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की काही ठिकाणी पाण्याला वास येतो, आणि त्या दिवसांत मी पोहणाऱ्या पोरांना ओरडते.

माझा सल्ला असा: घर विकू नका, काही विकत घेऊ नका. वर्षभर भाड्यानं राहा. मेमध्ये या, म्हणजे पुढचा पावसाळा, गणपती, हिवाळा आणि हळदीचा मोसम असं सगळं एकदा अंगावरून जाईल. हळदीचे सौदे जोरात असतात तेव्हा मार्केट यार्डाच्या रस्त्यावर हवासुद्धा पिवळी असते. माझे यजमान अडतीच्या धंद्यात होते. त्यांचा पांढरा सदरा मी कितीही धुतला तरी कॉलरला ती पिवळी कड राहायचीच. ते जाऊन नऊ वर्षं झाली. दोन सदरे मी तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : सांगलीत नदीपासून जवळ एक फ्लॅट बघितला आहे. किंमत आवाक्यातली आहे. बिल्डर म्हणतो, ‘2019 लाही इथे पाणी आलं नव्हतं.’ खरं की खोटं कसं तपासायचं?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : बिल्डरला विचारू नका. त्या रस्त्यावरच्या जुन्या किराणा दुकानदाराला विचारा, आणि प्रश्न असा विचारा: ‘इथे किती फुटाला पाणी येतं?’ तो विचारात न पडता आकडा सांगेल. सांगलीत प्रत्येक घराला पत्त्याबरोबर एक आकडा असतो.

हा आकडा आयर्विन पुलावरचा. पुलापाशी फुटांच्या खुणा आहेत. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. पावसाळ्यात गावातला पहिला नमस्कार म्हणजे ‘आयर्विनला किती झालं?’ 40 च्या आसपास पाणी आलं की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या सखल भागांतली माणसं बोचकी बांधायला लागतात. मग पाणी एकेक गल्ली चढत येतं. आमच्या घराचा आकडा 50. म्हणजे पुलावर 50 झाले की आमच्या उंबऱ्याला पाणी लागतं. 2005 साली पातळी 53 च्या पुढे गेली, आमच्या ओटीवर साडेतीन फूट पाणी होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये 57 ओलांडले, तेव्हा सात फुटांच्या वर. 2021 मध्ये 55 च्या जवळ. भिंतीवर तिन्ही वर्षांच्या खुणा आहेत. रंग देताना मी त्या पुसू दिल्या नाहीत.

दुकानदारानं आकडा सांगितला की पुढचं बघा. तळमजल्याच्या दारांच्या चौकटी खालून फुगलेल्या आहेत का. विजेचे मीटर माणसाच्या उंचीच्या वर नेऊन बसवलेत का. बसवले असतील तर कुणीतरी अनुभवानं बसवलेत. पाटबंधारे खात्यानं आखलेली पूररेषा बघायला मागा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारत या दोन रेषांच्या कुठल्या बाजूला आहे, हे कागदावर दाखवा म्हणावं. शिवाय ‘पाणी आलं नव्हतं’ याचा अर्थ नीट विचारून घ्या. माझी एक मैत्रीण तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या घरात 2019 ला थेंब आला नाही. पण इमारतीला चहूबाजूंनी पाण्याचा वेढा होता, वीज नव्हती, टाकीत पाणी चढत नव्हतं, आणि सासऱ्यांची इन्सुलिन संपत आली होती. सहाव्या दिवशी त्यांना होडीनं काढलं. शामरावनगरसारख्या भागात तर नदी लांब असली तरी पावसाचंच पाणी साचून राहतं. तेव्हा घर कोरडं राहतं का, एवढ्यावर थांबू नका. रस्ता कुठल्या फुटाला बंद होतो, तेही विचारा.

पाणी एवढं का चढतं हे कळलं तर भीती थोडी कमी होते, म्हणून वर्गात सांगायची तसं सांगते. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. कऱ्हाडला तिला कोयना मिळते, आणि कोयनेवर 105 टीएमसीचं, म्हणजे 105 अब्ज घनफुटांचं, धरण आहे. सांगलीच्या अगदी खाली, हरिपूरला, वारणा येऊन मिळते. आणखी खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. पुढचा प्रदेश सपाट, उतार अगदी मंद. सह्याद्रीत सगळीकडे एकदम कोसळलं की वारणा आणि पंचगंगा तुडुंब होऊन संगमावर उभ्या राहतात, आणि वरून आलेल्या कृष्णेला पुढे सरकायला जागा मिळत नाही. मग ती मागे फुगते. आपल्या गावात शिरलेलं पाणी पुष्कळदा असं थांबलेलं पाणी असतं. चढताना तासाला बोटभर चढतं, आणि उतरतानाही तसंच, जीव खात उतरतं.

2019 च्या त्या दिवसांबद्दल मला फार लिहवत नाही. शेजारचा मुलगा रात्री दार वाजवून म्हणाला, ‘काकू, चव्वेचाळीस झालंय. वर चढवा सगळं.’ गव्हाचं पिंप, देव, यजमानांचे कागद, तानपुरा हे चढवलं. फ्रिज राहिला. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसं गेली, ही बातमी आम्ही वरच्या खोलीत मोबाईलवर ऐकली. त्यानंतर कितीतरी वेळ कोणी बोललं नाही. पाणी उतरल्यावर घोटाभर गाळ होता आणि त्याचा वास महिनाभर नाकातून जाईना. नगर वाचनालयातली भिजलेली पुस्तकं बघून मी रस्त्यात उभी राहून रडले. मग कुठून कुठून पोरं आली, खराटे आणि फावडी घेऊन. त्यातल्या दोघांनी माझं स्वयंपाकघर धुतलं. त्यांची नावंही विचारायची राहिली.

इतकं होऊन मी तिथेच राहते. तळमजल्यावर आता फक्त दगडी फरशी, लोखंडी बाकडं आणि सायकली आहेत. राहणं सगळं वर. पावसाळ्यात गॅसचं सिलिंडरसुद्धा वरच. 38 फुटांना मी महत्त्वाची पिशवी दाराशी आणून ठेवते. नदीच्या गावात राहायचं तर घर असंच मांडावं लागतं. तुमच्या फ्लॅटचा आकडा 50 च्या वर आणि रस्ता 48 पर्यंत चालू राहत असेल तर विचार करा. त्याच्या खाली असेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या, आणि विश्रामबागच्या बाजूला लहान घर बघा. विलिंग्डन कॉलेज 1919 साली त्या माळावर काढलं, तेव्हाच्या माणसांनी जागा विचारानं निवडली होती.

एक मात्र सांगायचं राहिलं. हेच पाणी खाली नरसोबाच्या वाडीला पोहोचतं, दत्ताच्या देवळाच्या उत्तरेकडच्या दारातून आत शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि त्या वाहत्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. ज्या आठवड्यात आम्ही फूट मोजत असतो, त्याच आठवड्यात. मी दोन्ही पाहिलं आहे.

प्रश्न : मी जत तालुक्यातला. यंदा सांगलीत इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. माझ्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, आई रात्री दोनला हंडे लावते. इथे हॉस्टेलवर पोरं नळ चालू ठेवून दात घासतात. तुम्ही नदीचं कौतुक लिहिता तेव्हा मला राग येतो.
– एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. राग अगदी खरा आहे. आणि तो मला ऐकवलास, हे चांगलं केलंस.

नकाशावर आपला जिल्हा बघ. पश्चिमेला शिराळा, तिथे पाऊस धो धो. मध्ये कृष्णाकाठ, ऊस आणि द्राक्षं. पूर्वेला तुझा जत, आटपाडी, कवठेमहांकाळ. तिथे ढग नुसते दिसतात. एकाच जिल्ह्यात हे सगळं. मी वर्गात हा नकाशा वर्षानुवर्षं फळ्यावर काढला, पण जतची मुलगी वर्गात बसेपर्यंत माझ्यासाठी तो नुसता रंगीत खडूचा नकाशा होता. ती म्हणाली, ‘बाई, आमच्याकडं पावणं आलं की आई आधी पाणी मोजती.’ त्यानंतर मी तो धडा वेगळा शिकवायला लागले.

म्हैसाळला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवत तुमच्या बाजूला नेणारी योजना आहे. तू गेला नसशील तर एका रविवारी जा. पंप, नळ, कालवे डोळ्यांनी बघ. पाणी वर चढवायला वीज लागते, विजेचं बिल कोणीतरी भरावं लागतं, आणि शेवटच्या गावाला पाणी मिळेपर्यंत वाटेत कितीजण हात घालतात, हे तुझ्या अभ्यासाचेच विषय आहेत. दुसरीकडे, कृष्णाकाठी उसाला वर्षानुवर्षं बेसुमार पाणी पाजून चांगल्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत. पांढरी मिठाची साय आलेली ती रानं मी पाहिली आहेत. एकाला पाणी न मिळून रान पडीक, एकाला जास्त होऊन पडीक.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरज स्टेशनातून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी गेली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या. मी मुद्दाम बघायला गेले होते. वाघिणींत कृष्णेचं पाणी भरत होते आणि फलाटावर माणसं गप्प उभी होती. एक म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, ‘माई चालली बघा लेकराकडं.’ त्या दिवशी मला वाटलं, ही नदी आमची म्हणायची तर तिचं पाणी कुठवर पोहोचतं त्याची काळजीही आम्हीच करायची.

हॉस्टेलच्या पोरांना तुझ्या आईच्या दोन वाजताच्या हंड्यांबद्दल सांग. नळ बंद करायला त्याहून वेगळं काही सांगावं लागणार नाही. आणि एखाद्या रविवारी माझ्याकडे जेवायला ये. पत्ता संपादकांकडे आहे.

प्रश्न : श्रावणात पाहुणे येणार आहेत. एका दिवसात काय दाखवावं?
– एक गृहिणी, सांगली

उत्तर : सोमवार असेल तर सरळ हरिपूर. चिंचेच्या जुन्या झाडांखालून जाणारा रस्ता, शेवटी संगमेश्वर, आणि देवळामागे कृष्णा-वारणेचा संगम. सोमवारी जत्रा असते. हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, मडक्यासारखी. त्यांत हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची. 2005 च्या पुरात पुष्कळ गेली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मानांकन मिळालं, पण पेवांची आठवण सांगणारी माणसं आता थोडी आहेत. एखादे आजोबा भेटले तर पाहुण्यांना त्यांच्याशी बोलू द्या. पाणी बेताचं असेल आणि होड्यांच्या शर्यती लागल्या असतील तर घाटावर थांबा. निघताना भडंग द्या, पण तिखट कमी सांगून घ्या. बाहेरच्यांना आपला झणका सोसत नाही.

प्रश्न : मी गेली अकरा वर्षं न्यू जर्सीला आहे. बाबा 78 वर्षांचे, गावभागातल्या जुन्या वाड्यात एकटे राहतात. 2019 आणि 2021 दोन्ही वेळा शेवटच्या क्षणापर्यंत हलले नाहीत. पुण्याला बहिणीकडे कायमचं जा म्हटलं तर फोन ठेवतात. दर जुलैला मला झोप लागत नाही. काय करू?
– एक वाचक, अमेरिका

उत्तर : बाबांना कायमचं हलायला सांगणं आधी थांबवा. त्या वाड्यातून ते रोज कुठे जातात, कोणाशी बोलतात, हे आठवून बघा. घाट, देऊळ, पेपर, कट्टा. 78 व्या वर्षी पुण्याच्या अकराव्या मजल्यावर यातलं काय मिळणार? माझे यजमान शेवटच्या आजारात म्हणत, खिडकी उघडी ठेव, नदीचा वारा येऊ दे. मला ते कळतं, म्हणून बाबांची बाजू घेते आहे.

पण शेवटच्या क्षणापर्यंत न हलणं हे मात्र चूक आहे, आणि तसं मी त्यांच्या तोंडावर सांगेन. पुरात अडकलेल्या एका म्हाताऱ्याला काढायला चार तरुण पोरं पाण्यात उतरतात. त्यांनाही आईबाप असतात.

म्हणून त्यांच्याशी आकड्यावर बोला. ‘बाबा, कायमचं जाऊ नका. पण कितीला निघायचं ते तुम्हीच ठरवा.’ आकडा त्यांच्या तोंडून येऊ द्या. आपण ठरवलेला आकडा सांगलीचा माणूस पाळतो. तो भिंतीवर, फोनपाशी, मोठ्या अक्षरात लिहून लावायला सांगा. वाड्याच्या आकड्यापेक्षा तो निदान आठ फुटांनी खाली हवा, कारण रात्रीतून पाणी किती चढेल ते सांगता येत नाही. निघाल्यावर कुठे जायचं तेही आत्ताच ठरवा; बहिणीकडे आठ दिवस, किंवा विश्रामबागला कोणी नात्यातलं. मेमध्येच एका माणसाला पैसे देऊन जड सामान माळ्यावर चढवून घ्या. औषधं, चष्मा, पेन्शनचे कागद आणि आईचा फोटो एका पिशवीत. आईचा फोटो मुद्दाम लिहिला. तो मागे राहील म्हणून माणसं परत आत शिरतात, हे मी पाहिलं आहे.

जुलैत रोज सकाळी त्यांना फोन करा आणि ‘तब्येत कशी आहे’च्या आधी ‘आयर्विनला किती झालं?’ असं विचारा. ते खुलून बोलतील. कोयनेतून किती सोडलं, वारणेला काय परिस्थिती, सगळं सांगतील.

आणि वाडा कुठल्या बोळात आहे ते मला संपादकांकडून कळवा. मी त्याच भागात आहे. आमच्या गल्लीतली पोरं 40 ला घराघरात फिरायला लागतात. बाबांच्या दारावर पहिली थाप पडेल, एवढं मी बघते. आमच्या वरच्या मजल्यावर मुलीची खोली रिकामी आहे. 2019 ला तिथे पाणी पोहोचलं नव्हतं.